झोपाघरातली हिरवी गाडी

१

ताईने कव्हर उचललं आणि ते तसंच हातात धरून उभी राहिली.

कव्हराखाली बोटीवर गेलेल्या कप्तानाची हिरवी मोटारसायकल होती. जुन्या घडणीची, चांगली भारदस्त, चार पोती धान्य लादलं तरी हूं का चूं न करणारी. तिचा पुढचा डावा इंडिकेटर मुळापासून तुटला होता. फुटरेस्टवर ताजा ओरखडा होता आणि त्या ओरखड्यात पांढरा रंग रुतून बसला होता.

इन्स्पेक्टरबाईंनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून नारिंगी काचेचा तुकडा काढला आणि इंडिकेटरच्या बुडख्याला लावून पाहिला. भांड्यावर झाकण बसावं तसा तो बसला.

"अगं बाई," ताई म्हणाली. एवढंच.

तुकडा आज पहाटे टेकडीच्या उताराखाली, वळणावर सापडला होता. पाववाल्याची पांढरी हातगाडी तिथे उलटी पडली होती, पाव धुक्यात रस्ताभर विखुरले होते, आणि पाववाला भिंतीच्या कडेला निपचित पडला होता. दवाखान्यात कुणीतरी फोन करून सांगितलं, नाव न सांगता ठेवून दिला. दवाखान्याचा फोन म्हातारा, कुणाचा नंबर आला ते दाखवण्याची अक्कल त्याला नाही. पाववाला अजून शुद्धीवर नव्हता. डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस जाऊ द्या, मग बोलू. डॉक्टर असं म्हणतात तेव्हा त्यांना काय म्हणायचं असतं ते पाववाल्याच्या बायकोला कळलं होतं, आणि ती दाराशी भिंतीला टेकून मटकन खाली बसली होती.

इन्स्पेक्टरबाई पन्नाशीच्या. गुडघे कुरकुर करायचे, त्यामुळे जिथे जातील तिथे आधी बसायला काय आहे ते बघायच्या. मोटारसायकलींतलं त्यांना इतकंच कळायचं की तिला दोन चाकं असतात आणि तिसरं संकट असतं. त्या एका उपड्या डब्यावर बसल्या.

"आता मला सांग. ही गाडी पहाटे कोण घेऊन गेलं होतं?"

"कोणी नाही."

"तुकडा तर हिचाच आहे."

"तुकडा हिचा आहे, बाई. पण ही जाऊ शकत नाही. ही झोपलेली आहे."

गावात या शेडला झोपाघर म्हणत. ज्यांना लांब कुठे जायचं असतं, वर्ष-दोन वर्षं परत यायचं नसतं, ते आपली मोटारसायकल इथे आणून सोडायचे. गाडी नुसती उभी करून ठेवली की सडते. पेट्रोलचा चिकटा होतो, बॅटरी रुसते, आतून गंज चढतो. म्हणून तिला रीतसर झोपवावी लागते. ताईच्या वडिलांनी हे काम सुरू केलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. आता त्यांची नजर गेल्यात जमा होती आणि काम ताई आणि तिचा नवरा बघत होते.

ताईने टाकीचं झाकण काढलं आणि आत टॉर्च मारला. "बघा. थेंब नाही. सगळं काढून आतून तेलाचा हात दिलाय." मग भिंतीकडे बोट केलं. तिथे फळीवर गाड्यांच्या बॅटऱ्या ओळीने मांडल्या होत्या. "तिची बॅटरी ती, कोपऱ्यातली. प्लग काढून या पिशवीत, हँडलला बांधलाय. प्लगच्या भोकातून आत तेल सोडलंय, वर बूच लावलंय. सायलेन्सरच्या तोंडात बोळा आहे." तिने बोळा ओढून दाखवला. स्वच्छ होता, ना काजळी ना धुराचा वास.

इन्स्पेक्टरबाईंनी बुचावर बोट फिरवलं. धुळीत बोटाची रेघ उमटली. कित्येक महिन्यांत तिथे कुणाचा हात लागला नव्हता.

"म्हणजे पेट्रोल नाही, प्लग नाही, बॅटरी नाही," त्या म्हणाल्या. "आणि तरी हिने खाली जाऊन एका माणसाला उडवलं, परत वर आली, आणि कव्हर पांघरून झोपली."

ताईने कव्हर छातीशी घट्ट धरलं. तिला त्यात विनोद दिसला नाही.

२

शेडच्या पुढच्या अर्ध्या भागात रंगारी होता. भाड्याने. टाक्यांना रंग मारायचा आणि तोंडाला कुलूप म्हणून कधी लावायचा नाही. त्याला काही विचारायची गरज पडली नाही.

"मी कुणाचं नाव घेत नाही," तो म्हणाला, "पण जावयाला विचारा."

"हे नाव न घेणं झालं होय?"

"नाव कुठे घेतलं, नातं सांगितलं. किल्ल्या कुणाकुणाकडे? एक माझ्याकडे, एक ताईकडे, एक जावयाकडे. उस्तादांची जुनी किल्ली त्यांच्या उशाखाली, पण त्यांना कुलूप दिसायला हवं ना. मी मागच्याच खोलीत झोपतो. मग राहिलं कोण?"

"मागच्या खोलीत झोपता, तर पहाटे गाडीचा आवाज आला असेल."

इथे रंगारी जरा अडखळला. ब्रशचे केस बोटाने सारखे करू लागला. "तेच तर. ही हिरवी सुरू झाली की माझ्या फडताळातल्या कपबशा नाचतात. गेल्या खेपेस एकीचा कान उडाला. आज काही नाही. दार कुरकुरल्यासारखं वाटलं, पण ते काय, रोज पहाटे कुरकुरतं. वारा असतो."

"रोज?"

"रोज. मी म्हटलं नाही का, वारा."

इन्स्पेक्टरबाईंनी हे मनात ठेवलं. "जावयाशी तुमचं काही वाकडं आहे?"

"माझं कशाला असेल? सासऱ्याचं आहे. घरात राहतात एकत्र, पण एकमेकांशी शब्द नाही. उस्ताद ताईला म्हणणार, तुझ्या ह्यांना सांग, पाना दे. आणि हे पाना घेऊन समोरच उभे. मग ताई म्हणणार, अहो, पाना द्या. मग हे देणार. पोस्टाने पाठवला असता तर लवकर पोचला असता."

"कशावरून एवढं?"

"उस्तादांची नजर गेली तेव्हा त्यांची स्वतःची मोटारसायकल जावयाने विकली. न विचारता. म्हातारा तिला रोज पुसायचा हो. सकाळी उठून बघतो तर जागा रिकामी." रंगाऱ्याने ब्रश डब्यात बुडवला. "कोण विसरेल?"

इन्स्पेक्टरबाई उठल्या आणि मागच्या भागात परत आल्या. गाड्या दोन ओळींत उभ्या होत्या, कव्हरं घालून, एखाद्या वसतिगृहात मुली चादरी डोक्यावरून ओढून झोपाव्यात तशा. पुढची चाकं तेवढी कव्हराबाहेर डोकावत होती. प्रत्येक पुढच्या चाकाच्या एका स्पोकला लाल लोकरीची गाठ बांधलेली होती.

बाई खाली वाकल्या, गुडघ्यांनी निषेध नोंदवला. पहिल्या गाडीची गाठ दाराच्या बाजूला होती. दुसरीची दाराच्या बाजूला. तिसरीची, चौथीची, ओळीतल्या सगळ्यांची दाराच्याच बाजूला.

हिरवीची गाठ वर होती. अगदी सरळ वर, टोपीवरच्या गोंड्यासारखी.

"ताई," त्यांनी हाक मारली. "ही लोकर कशाला?"

ताई आली, तिने पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

३

"कूस बदलायला," ताई म्हणाली. आवाज सांभाळून बोलत होती. "मेन स्टँडवर गाडीचं मागचं चाक उचललेलं राहतं. पुढचं जमिनीला टेकतं. महिनोन्‌महिने एकाच जागी टेकलं तर टायर तिथे चपटा होतो. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक चाक पाव फेरा फिरवायचं. आजारी माणसाची कूस बदलतो ना, तसं. बाबा कूसच म्हणतात. कुठवर फिरलंय ते कळावं म्हणून लोकर."

"लोकर का? खडूची खूण चालली असती."

"बाबांना खडू दिसायचा बंद झाला. गाठ बोटांना लागते."

"मागची कूस कधी बदलली?"

"दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलतो. बाबांचा नियम आहे."

"म्हणजे उद्या."

"उद्या... हो. पण या वेळी आम्ही गुरुवारीच उरकलं. उद्या मावसबहिणीकडे जायचंय." ताई गाठीकडे बघत होती. "गाठी वर होत्या, आता दाराकडे आल्या. ही एक राहिली असेल."

"राहिली?"

ताईला खोटं बोलता येत नव्हतं. तिची मान तिच्याआधीच हलली. "नाही राहिली. मी चाक उचलायला दांडा लावला, ह्यांनी फिरवलं. सगळ्यात जड हीच आहे, ही कशी विसरणार?"

"मग तुमच्यानंतर कुणीतरी हिचं चाक फिरवलं. आणि गाठ परत वर आणून ठेवली."

"गाडी हलली की चाक फिरतं, बाई. थांबलं असेल कुठेही."

"कुठेही थांबलं असतं तर तिरकं थांबलं असतं. हे बघ." इन्स्पेक्टरबाईंनी गाठीपासून जमिनीपर्यंत हवेत बोटाने रेघ ओढली. "ओळंबा लावल्यासारखं आहे. कुणीतरी बोटांनी चाचपून लावलंय."

ताई पुन्हा गाठीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर एक विचार आला आणि तिने तो तिथल्या तिथे दाबून टाकला. इन्स्पेक्टरबाईंनी येताना आणि जाताना दोन्ही वेळा तो पाहिला, पण काय होता ते त्यांना कळलं नाही.

तेवढ्यात दारात सावली पडली. ताईचा नवरा. उंच, खांदे रुंद, पण आज कमरेवर हात ठेवून तिरका चालत होता. बायकोकडे त्याने पाहिलं नाही.

"तिला काय विचारताय," तो म्हणाला. "मी नेली होती गाडी. पाववाल्याला मी उडवलं. लिहून घ्या."

४

 इन्स्पेक्टरबाईंनी लिहून काही घेतलं नाही.

"कशी नेलीत?"

"कशी म्हणजे? चालवत. पेट्रोल घातलं, प्लग लावला, बॅटरी जोडली. किक मारली."

"आणि आल्यावर?"

"परत झोपवली. सगळं काढलं."

"एवढ्यात?"

"हात चालतो माझा."

"ताई, झोपलेली गाडी उठवायला किती वेळ लागतो?"

ताई नवऱ्याकडे बघत होती. खरं सांगितलं तर नवरा सुटणार होता, पण मग ज्याचं नाव पुढे येणार होतं ते तिला नको होतं. इन्स्पेक्टरबाईंना हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की ही बाई दोन्ही बाजूंनी भाजते आहे.

"सकाळ जाते," ताई शेवटी म्हणाली. "आत तेल सोडलेलं असतं ना, ते जळेपर्यंत पांढऱ्या धुराचे नुसते लोट. आणि परत झोपवायला त्याहून जास्त. इंजिन गार व्हायला हवं. गरम असताना बोळा घातला तर जळतो."

"ऐकलंत?" इन्स्पेक्टरबाई जावयाला म्हणाल्या. "बोळा पांढराशुभ्र आहे. बुचावर महिन्यांची धूळ आहे. धूळ पण परत घातलीत? चाळणीने?"

जावयाचा हात पुन्हा कमरेवर गेला.

"कमरेला काय झालं?"

"उसण भरली."

"कशाने?"

"कशानेतरी. उसण काय सांगून येते?" आणि मग एकदम, विनवल्यासारखं: "बाई, मी म्हणतोय ना मी केलं. तुम्हाला एक माणूसच हवाय ना? घ्या ना मला."

नोकरीत इन्स्पेक्टरबाईंनी पुष्कळ माणसं पाहिली होती, केलेलं नाकारणारी. न केलेलं इतक्या घाईने मागून घेणारा क्वचित भेटतो, आणि तो नेहमी कुणाच्यातरी पुढे उभा असतो. पाठीमागे कोण आहे ते त्याला बाजूला केल्याशिवाय दिसत नाही.

तेवढ्यात हवालदार धावत आला. पाववाल्याने डोळे उघडले होते.

"कुठे जाऊ नका," त्या जावयाला म्हणाल्या.

"मी कुठे जाणार," तो म्हणाला, पण त्याचे डोळे मिटले आणि खांदे खाली आले. पाववाला जगला हे ऐकून गुन्हेगाराला जेवढं हायसं वाटावं, त्याहून ते कितीतरी जास्त होतं.

जीप निघाली. हवालदार काटकसरी माणूस. शेडच्या फाटकातून बाहेर पडल्याबरोबर त्याने सवयीने इंजिन बंद केलं आणि जीप उतारावर सोडून दिली.

"हे काय?"

"पेट्रोल वाचतं, मॅडम. थेट खालच्या वळणापर्यंत जाते आपोआप."

जीप निःशब्द घरंगळत चालली होती. फक्त वाऱ्याची सळसळ. रस्ता ओलांडणारी एक बाई पाठमोरी होती, तिला पत्ताच नव्हता. अगदी हातभर अंतरावर हवालदाराने हॉर्न दाबला तेव्हा ती ओरडून बाजूला उडाली आणि दोघांच्या सात पिढ्यांची तिने चौकशी केली.

"इंजिन सुरू कर," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

दवाखान्यात पाववाला उशीला टेकून बसला होता, डोक्याला पट्टी, पाय फळीत बांधलेला. बायको त्याच्या कानाशी वाकून मोठमोठ्याने बोलत होती.

"ओरडू नकोस, ऐकू येतंय मला आता," तो म्हणत होता. "तेव्हा नव्हतं येत. बाई, मी या रस्त्यावर जन्मभर गाडी ढकलली. मागून सायकल आली तरी मला कळतं. माझे कान गेले बहुतेक. मेंदूला काही झालंय. हे डॉक्टर सांगत नाहीत."

"काय ऐकलंत तुम्ही?"

"तेच तर सांगतोय. काहीच नाही. पाठीला वारा लागला आणि मी पडलो."

५

झोपाघराला लागूनच घर होतं. उस्ताद आपल्या खोलीत खाटेवर बसले होते, पायांवर शाल. डावं कोपर फडक्याने बांधलेलं. चेहरा दाराकडे वळला, पण नजर इन्स्पेक्टरबाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"कोण? चाल नवीन आहे. गुडघ्यांचं दुखणं आहे तुम्हाला."

"पोलीस आहे मी, उस्ताद."

"बसा मग. पोलिसांनाही गुडघे असतात." त्यांनी हाताने खुर्ची दाखवली, ती होती त्याच्या वीतभर डावीकडे.

इन्स्पेक्टरबाई बसल्या. "कोपराला काय लागलं?"

उस्ताद हसले. चोरून खाल्लेलं पकडलं गेल्यावर पोर हसतं तसं. "कळलंच असणार ताईला. आता बोलणी खायची. हिरवी घेऊन गेलो होतो."

इतकं सरळ उत्तर येईल असं बाईंना वाटलं नव्हतं.

"उठवली नाही हो तिला," म्हातारा घाईने म्हणाला. "गिऱ्हाइकाची गाडी आहे, विश्वासाने ठेवलीय. तिच्या झोपेला धक्का लावला नाही. नुसती स्टँडवरून काढली, फाटकापर्यंत ढकलली आणि बसलो. पुढे उतारच नेतो. डॉक्टरांनी या आठवड्यात सांगितलं की डोळ्यांत जे थोडं धुकं उरलंय तेही जाणार. म्हटलं, धुकं असेतोवर एकदा तोंडावर वारा घ्यावा. मी रोज पहाटे जाऊन बसतो कुठल्यातरी एकीवर. कुलूप उघडंच असतं. रंगारी विसरतो."

"मग?"

"मग काय. ब्रेक पण झोपलेले. वळणावर कशालातरी घासलो, पावाच्या गाडीला म्हणे. गवतात पडलो. पावांचं नुकसान झालं बिचाऱ्याचं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं? पावांचं?"

"ह्यांनी. आमच्या जावईबापूंनी. धावत आले मागून. म्हणाले, गाडीच उलटली नुसती, माणूस नव्हता तिथे, पलीकडे पाव द्यायला गेला होता. हिरवी ओढून भिंतीआड घेतली, मलाही तिथेच बसवून ठेवलं बराच वेळ, हलू नका म्हणाले; दुसरी एक गाडी येऊन थांबली तर म्हणाले, दूधवाला आहे. मग मला आणि गाडीला दोघांना वर आणलं. ढकलत. चढावर." म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर नवल होतं. "शेडमध्ये आल्यावर मी म्हटलं, तिची कूस होती तशी करतो, गाठ वर. तर म्हणाले, करा. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही सरळ बोललो."

दारात पावलं वाजली. ताई होती. तिच्यापुढे तिचा नवरा, एक हात चौकटीला धरून.

"बाई," तो हळू म्हणाला. "एवढं एक नका सांगू त्यांना."

"काय नका सांगू?" उस्तादांनी विचारलं.

६

 

इन्स्पेक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली. आधी त्या ताईशी बोलल्या, कारण म्हाताऱ्याशी बोलण्याआधी त्यांना स्वतःला थोडा वेळ हवा होता.

"गाडी झोपेतून उठली नव्हती, तरी ती खाली गेली. म्हणजे ती उताराने गेली, इंजिनाशिवाय. म्हणून रंगाऱ्याच्या कपबशा नाचल्या नाहीत, म्हणून पाववाल्याला मागून काही ऐकू आलं नाही. पण उतार एकाच बाजूने असतो. वर कशी आली? कुणीतरी ढकलत आणली, आणि ते ढकलणाऱ्याच्या कमरेत अजून आहे. तिथवर तुझा नवरा. पण गाठ त्याने लावलेली नाही. गुरुवारी त्याने स्वतः चाक फिरवलं होतं. त्याने लावली असती तर गाठ दाराकडे असती. ज्याला वाटत होतं की कूस उद्या बदलायची आहे, त्यानेच गाठ वर आणली. आणि कुणाला तसं वाटत होतं? ज्याला तुम्ही सांगायला विसरलात त्याला. तुला तेव्हाच कळलं, ना?"

ताईने मान हलवली. डोळे पुसले नाहीत.

"मला सांगायचं कसं विसरलात?" उस्ताद म्हणाले. "आणि पाववाल्याचं काय?"

"तो तिथेच होता, उस्ताद," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "पलीकडे गेला नव्हता. गाडी त्याला लागली. पाय मोडला, डोक्याला मार बसला. दुपारपर्यंत शुद्ध नव्हती. आता आहे."

म्हाताऱ्याचे हात शालीवर होते. ते शालीवरून उठले, काहीतरी धरायला पुढे आले, आणि काहीच न धरता परत खाली गेले.

"मी बसलो होतो भिंतीआड," ते म्हणाले, "तेव्हा तो पलीकडे पडलेला होता?"

"हो."

"आणि मी वाऱ्याच्या गोष्टी सांगत होतो." त्यांनी चेहरा जावयाकडे वळवला, नेमका त्याच्याकडे. "तुम्ही मला काय बनवलंत हो?"

"बाबा, मी म्हटलं," जावई म्हणाला, "मी तुमची गाडी विकली. कुलूप मीच उघडं ठेवायचो, रंगारी नाही. रोज पहाटे बाहेर उभा राहायचो, तुमचं बसून होईपर्यंत. हा दोष माझाच आहे. तो तुमच्याकडे का जाऊ द्यायचा?"

"माझा आहे म्हणून," उस्ताद म्हणाले. "माझं माझ्याकडे राहू द्या. दुसरं काय राहिलंय?" मग त्यांनी पाय खाली सोडले आणि चपला चाचपल्या. "बाई, चौकीवर नंतर नेणार ना? आधी दवाखान्यात न्या."

या वेळी हवालदाराने उतारावर इंजिन बंद केलं नाही.

पाववाल्याच्या खोलीत पाच माणसं मावत नव्हती, तरी मावली. उस्ताद ताईच्या खांद्यावर हात ठेवून खाटेपाशी आले.

"मी होतो गाडीवर," ते म्हणाले. "मला नीट दिसत नाही, तरी बसलो. इंजिन बंद होतं. म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. तुमचे कान शाबूत आहेत."

पाववाला त्यांच्याकडे बघत राहिला. "परत म्हणा."

"इंजिन बंद होतं. आवाज नव्हताच. कान चांगले आहेत तुमचे."

पाववाल्याच्या बायकोने तोंडावर पदर घेतला. तो मात्र हलला नाही. मग म्हणाला, "मी तिथे किती वेळ पडलो होतो? कुणी सांगत नाही मला. एकटाच होतो का मी?"

उस्तादांना हे माहीत नव्हतं. सगळे जावयाकडे बघू लागले. तो अजून दारातच होता, चौकटीला पाठ लावून.

"एकटे नव्हतात," तो म्हणाला. "फोन मी केला, जरा लांब जाऊन. दवाखान्याची गाडी येईपर्यंत मी भिंतीआड होतो. थंडी होती, तुमच्या श्वासाची वाफ दिसत होती. मी तीच बघत होतो. थांबली असती तर मी..." 

"जवळ का नाही आलात?"

जावयाने मान खाली घातली. खोटं बोलायची त्याची ताकद संपली होती. "तुम्ही माझं तोंड बघितलं असतं म्हणून."

"डोळे मिटलेले होते माझे," पाववाला म्हणाला. "काय बघणार होतो मी? हात तरी धरायचा."

 इन्स्पेक्टरबाईंनी वही उघडली होती, पेन तसंच हवेत राहिलं. जबाब दोघांचा घ्यायचा होता, आणि दोघांनाही सोडता येणार नव्हतं, हे त्यांना दारातून आत येतानाच माहीत होतं.

पाववाल्याने मोडका पाय सांभाळत अंग जरा सरकवलं. खाटेच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली.

"दारातून नको," तो जावयाला म्हणाला. "इथे या. इथे बसून सांगा सगळं."

जावई दाराची चौकट सोडून पुढे आला, कमरेवर हात ठेवत, आणि कडेला बसला.